सोबतीचा आकडा

सरांची नक्कल मी फार सुंदर करायचो. हे मी नम्रपणे सांगतो आहे; उद्धटपणे सांगायला माझ्याकडे पुरावेही आहेत. पांढुर्ण्यातल्या आमच्या शाळेचं एकही स्नेहसंमेलन, एकही निरोप समारंभ तिच्यावाचून पार पडला नाही. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायचा, खडूचा तुकडा विडीसारखा कानावर खोचायचा, दोन्ही खांदे कानांपर्यंत चढवायचे आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला खाजगीत सांगितल्यासारखं म्हणायचं, "नफा कोणीबी मोजते बाप्पा. भेव मोजता आलं पाहिजे." एवढ्यावर लोक खुर्च्या वाजवायला लागायचे. पुढचं मला करावंच लागायचं नाही.

आज ती नक्कल न करता त्यांच्याबद्दल सांगायचं आहे. मध्येच मी रंगात आलो तर वाचणाऱ्यानं मनातल्या मनात माझा कान धरावा.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, नोकरी कच्ची होती. शाळेच्या गणित विभागात माणसं दोन: पन्नाशीचे, बिनलग्नाचे ते, आणि चोविशीचा, बिनअकलेचा मी. पहिल्याच महिन्यात आम्हाला एका सभेसाठी नागपूरला पाठवलं. मी स्टेशनवर त्यांची वाट पाहत उभा राहिलो, तर ते लांबूनच हात हलवत ओरडले, "तू इथं काय करून राहिला? मी रेल्वेनं जातो, तू बसनं ये. गणित विभाग एका गाडीनं जात नाही."

माझी बस दोनदा पंक्चर झाली. त्यांची गाडी सिग्नलवर दीड तास उभी राहिली. दोघंही पोचलो तेव्हा सभा संपली होती आणि शिपाई सतरंज्या गुंडाळत होता. सर खुशीत म्हणाले, "पाहिलं? दोघंही उशिरा आलो, पण वेगवेगळ्या कारणानं. ही प्रगती आहे." परतीच्या गाडीत ते आकडे मांडत बसले, पांढुर्णं कधी आलं आणि गेलं ते कळलं नाही, आणि पुढच्या स्टेशनवरून, तिगावहून, रुळांच्या कडेनं चालत पहाटे घरी आले.

अशी त्यांची पुष्कळ सोंगं होती. पैसे चार खिशांत. छत्र्या तीन: एक घरी, एक शाळेत, एक पानठेल्यावर. भाजी तीन बायकांकडून घ्यायची, मग ती पावशेर वांगी का असेनात. लोक त्यांना भित्रा समजायचे. तसं ते सांगायचेही. "भित्राच आहे मी. पण माझं भेव मोजलेलं आहे, तुमचं अंदाजपंचे आहे."

या सगळ्याचं मूळ एका पुस्तकात होतं. नागपूरच्या फूटपाथवर त्यांना एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, मुखपृष्ठ नसलेलं, पहिलं प्रकरण फाटलेलं. आपला पैसा चार ठिकाणी कसा वाटावा म्हणजे धोका कमी होतो, याचं त्यात गणित होतं. शेअरबाजारासाठी लिहिलेलं. पांढुर्ण्यात शेअर कोणाकडे होते? सरांनी ते गणित हाताला लागेल त्या वस्तूवर लावून पाहिलं, आणि पहिली वस्तू म्हणजे शाळेचं टाइमटेबल.

आमचे हिंदीचे आणि भूगोलाचे सर साडू होते. एकाच्या सासुरवाडीला लग्न म्हणजे दुसऱ्याच्याही. दोघं वर्षात मोजून आठ-दहा दिवस गैरहजर राहायचे, पण एकाच दिवशी. आणि त्या दिवशी नववी 'अ'ला लागोपाठ दोन तास मोकळे मिळून पोरं छपरावर चढायची. सरांनी तीन वर्षांचं हजेरीपत्रक काढलं, प्रत्येक मास्तरची प्रत्येक मास्तरशी जोडी लावली आणि टाइमटेबल नव्यानं मांडलं. त्यानंतर छपरावर पोरं दिसली नाहीत. "कोण किती दिवस गैरहजर राहते ते पाहू नका," ते म्हणाले, "कोणासोबत राहते ते पाहा. त्यालाच मी सोबतीचा आकडा म्हणतो. दोघं सोबत पडत असतील तर दोघांवर भार टाकून फायदा नाही. एक पडला तर दुसरा उभा राहते अशी जोडी शोधा. असा सोबतीचा आकडा उणे येते. उणे आकडा म्हणजे सोनं."

त्यांची कोणतीही कल्पना आधी वासुदेवभाऊकडे जायची, मग जगाकडे. वासुदेवभाऊ आमच्या प्रयोगशाळेत परिचर होते. सरांपेक्षा दोन-चार वर्षांनी लहान, उंच, शांत, आणि एखादी गोष्ट पटली नाही की काचेचं सामान जरा जास्तच वेळ पुसत बसणारे. रोज अकराला दोघं प्रयोगशाळेच्या मागच्या पायरीवर बसून एक चहा अर्धा अर्धा प्यायचे. सर मांडायचे, वासुदेवभाऊ मोडायचे. त्या पायरीवर मीही कधी कधी बसायचो. ते सरांना 'मोठे सर' म्हणायचे आणि मला 'लहान सर'.

त्या वर्षी सरांना संत्रा सुचला.

आमच्या भागात संत्र्याचा बहार झाडावर असतानाच विकला जातो. फळ लहान असताना व्यापारी बगीचा पाहतो, सौदा करतो, आणि पुढचं सगळं, वारा, रोग, गारा, त्याच्या नशिबी. साधला तर दुप्पट, नाही तर काठ्या. नोकरदार माणसं याच्या वाटेला जात नाहीत. सरांचं म्हणणं होतं की लोक बुडतात ते संत्र्यामुळे नाही, एकच बगीचा घेतल्यामुळे. सहा-सात जणांनी मिळून सहा बगीच्यांत हिस्सा घ्यावा. आणि ते सहा असे निवडावे की सगळे एकदम पडणार नाहीत. त्यांनी तीन पांढुर्ण्याकडचे आणि तीन शेजारच्या सौंसर तालुक्यातले बगीचे मनात धरले होते. आता त्यांचा दहा वर्षांचा इतिहास हवा होता: कोणत्या वर्षी कुठं सोळापैकी किती आणे बहार आला.

पांढुर्ण्याचे आकडे त्यांनी स्वतः बगीचेवाल्यांच्या ओट्यावर बसून गोळा केले. सौंसरचे एका जुन्या व्यापाऱ्याच्या वह्यांत होते. व्यापारी म्हणाला, वही देणार नाही, गोदामात बसून उतरवून घ्या. आणि दर शनिवारी दुपारच्या बसनं सौंसरला कोण जायचं? मी. तिथल्या नाटकमंडळात मला खलनायकाचं काम मिळालं होतं.

सरांनी मला आखीव कागद दिले. डावीकडे पांढुर्ण्याचे आकडे भरलेले, वर्षवार. उजवा रकाना कोरा. "तू फक्त इकडचं भर. तुझं अक्षरही चांगलं आहे."

पहिले दोन शनिवार मी खरंच गेलो. गोदामात अंधार, धूळ, आणि मुनीम असा की दर पानाला एकदा खोकणार. दोन शनिवारांत तीन वर्षं उतरली. तिसऱ्या शनिवारी तालीम दुपारी दोनला ठेवली. मी बस स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. सात वर्षं, तीन बगीचे, एकवीस आकडे. ते मी एका चहात भरले.

कसे भरले तेही सांगतो, कारण सांगायला लाज वाटावी असं नेमकं तेच आहे. डावीकडे पांढुर्ण्याचा आकडा दिसतच होता. तिथं चार आणे असले की मी इकडे बारा मांडले. तिथं चौदा असले की इकडे पाच. नाटकात मला शिकवलं होतं की एक रडत असेल तर दुसऱ्यानं हसावं, म्हणजे प्रसंग उठून दिसतो. अगदीच उलट झालं तर सर ओळखतील म्हणून दोन ठिकाणी मी जरा सारखंही ठेवलं. कलाकाराचा हात होता माझा. मग मी तालमीला गेलो आणि, सांगतात, त्या दिवशी माझं काम फार छान झालं.

कागद पाहून सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. पुढचे अकरा दिवस ते प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर खडूनं गुणाकार मांडत होते आणि वासुदेवभाऊ ओलं फडकं घेऊन पाठीमागे उभे होते, कुठं पुसायचं आणि कुठं नाही हे विचारत.

बाराव्या दिवशी सकाळी सहाला माझ्या दारावर थापा. दार उघडलं तर सर. अंगात बनियन, एका गालावर दाढीचा साबण.

"उणे आलं," ते म्हणाले.

मला काहीच कळलं नाही.

"सोबतीचा आकडा, बाप्पा. पांढुर्णं रडते तेव्हा सौंसर हसते. मला वाटलंच नव्हतं. मी तं समजत होतो की दोन्ही सारखेच पडत असतील. पण आकडे आहेत. माझ्या समजुतीपेक्षा आकडा मोठा."

त्या वेळी माझ्या तोंडात मंजन होतं म्हणून मी बोललो नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. मंजन थुंकायला किती वेळ लागतो?

डिसेंबरात, शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत बैठक भरली. सहा जण पैसे घालणार होते. सर स्वतः सगळ्यांपेक्षा जास्त. वासुदेवभाऊंनी त्यांचे साठवलेले सगळे आणले होते. स्टेशनजवळ एक छोटा प्लॉट त्यांनी बोलून ठेवला होता आणि मालकानं होळीपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. थोडे पैसे कमी पडत होते; तेवढे होळीआधी उतरणाऱ्या मृग बहारात निघतील, असा हिशेब. बुद्धविहाराच्या मागे एका भाड्याच्या खोलीत त्यांचा संसार वीस वर्षं चालला होता.

सरांनी सगळं समजावून सांगितलं. शेवटी वासुदेवभाऊ काचेचं नळकांडं पुसता पुसता म्हणाले, "मोठे सर, एक विचारतो. गारा आल्या तं त्या इकडूनच तिकडे जातात ना? मी लहानपनापासून पाहून राहिलो. ढग काय तालुका पाहून येते?"

लोक हसले. मीही हसलो.

सर हसले नाहीत. "वासुदेव, तू म्हणतो तेच मला वाटत होतं. म्हणूनच मी तीनदा केलं. पण दहा वर्षांत एकदाही दोन्ही सोबत बुडालेले दिसत नाहीत. तू पाहिलं ते दोन-चार वेळचं. हे दहा वर्षांचं."

वासुदेवभाऊंनी नळकांडं खाली ठेवलं. "तुमी म्हणता तं असंन," म्हणाले आणि रुमालाची गाठ सोडली.

मी नेमका त्यांच्या समोर बसलो होतो. हात लांब केला असता तर रुमालाला लागला असता. आणखी एक गोष्ट आहे. मी स्वतः पैसे टाकले नाहीत. "माझी नोकरी अजून कच्ची," असं सांगितलं. खरं तर त्या वेळी मला धोका वगैरे काही वाटत नव्हता. संत्रा येईल, सगळे पेढे वाटतील, असंच वाटत होतं. पण खिशाकडे हात गेला नाही. डोक्याला जे कळलं नव्हतं ते हाताला कळलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी आभाळ तांब्याच्या रंगाचं झालं आणि शाळेच्या टिनावर असा आवाज सुरू झाला की पोरांनी कानात बोटं घातली. पाव तासात मैदान पांढरं झालं. लिंबाएवढ्या गारा. सर व्हरांड्यात उभे होते, खांदे नेहमीसारखे कानांपर्यंत, पण चेहरा शांत. वासुदेवभाऊंना म्हणाले, "इकडचे तीन गेले समज. काही हरकत नाही. तिकडे सौंसरला ऊन असेल."

संध्याकाळी सौंसरची बस आली. आम्ही सगळे स्टँडवरच होतो. पुढची काच फुटलेली, ड्रायव्हरच्या कपाळाला रुमाल बांधलेला, आणि टपावर सामानावर घातलेल्या ताडपत्रीच्या घड्यांत गारा अजून वितळायच्या राहिलेल्या. कंडक्टर खाली उतरून म्हणाला, "रामाकोन्यापासून सौंसर धरून इथवर सारखंच आहे भाऊ. झाडाले पान नाही राह्यलं."

सर शिडीवरून टपावर चढले. एक गार हातात घेऊन ती पाणी होईपर्यंत तिथंच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बोलावलं. "चूक माझी आहे," म्हणाले. "पण ती कुठं आहे ते सापडून नाही राहिलं." मग माझ्याकडे वळून, "तू जरा बसशील का माझ्यासोबत? तुझी नजर तरुण आहे."

पंधरा दिवस मी रोज संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून गुणाकार तपासले. सगळे बरोबर होते. ते दर वेळी म्हणायचे, "हेही बरोबर. मग चुकलं कुठं?" आणि मी डोकं हलवायचो. ज्या कागदाकडे पाहायला हवं होतं तो टेबलावरच होता, माझ्या चांगल्या अक्षरातला.

सरांनी वासुदेवभाऊंना त्यांचे पैसे परत द्यायला काढले. त्यांनी हात लावला नाही. मी तिथं होतो, ते बोललेले शब्द मला तसेच पाठ आहेत. "मी हिस्सा टाकला होता, तुमाले उधार नव्हते देल्ले. पैशाचं नाही मोठे सर. मले माहीत होतं. माह्या डोळ्यानं पाहेल होतं. अन् तुमच्या आकड्यापायी मी माह्या डोळ्याले खोटं पाडलं."

त्यानंतर ते सरांशी बोलले नाहीत. कामाचं काय असेल ते करायचे, साहित्य मांडून द्यायचे. पण अकरा वाजता पायरीवर सर एकटेच बसलेले दिसायचे, हातात पूर्ण भरलेला कप. अर्ध्या चहाची सवय झालेला माणूस, उरलेला अर्धा ओतून द्यायचा. होळीनंतर तो प्लॉट दुसऱ्यानं घेतला. दोन वर्षांनी सरांनी अर्ज करून सौंसरला बदली मागून घेतली. निरोपाच्या दिवशी वासुदेवभाऊ रजेवर होते.

मी काय केलं? नकलेत एक नवीन वाक्य घातलं. कानावर खडू, गालाला साबण, आणि पहाटे दार वाजवून, "उणे आलं." खूप चाललं ते.

गारपिटीला सहा वर्षं झाली. नोकरी पक्की झाली, पोट थोडं पुढे आलं. आमच्या प्राचार्यांच्या निरोप समारंभात फर्माईश झाली, मी नक्कल केली, लोक हसून लोळले. मंडपामागे मी तोंड धूत होतो तिथं वासुदेवभाऊ आले.

"लहान सर, तुमी लय हुबेहूब करता. पन एक राहून जाते."

"काय हो?"

"तो माणूस खोटं बोलत नव्हता. ते तुमच्यात नाही येत." मग म्हणाले, "खोटा असता तं मी कवाच माफ केला असता. खऱ्या माणसावर राग धरला का तो उतरतच नाही पाहा."

माझ्या तोंडावरून पाणी गळत होतं. त्यांनीच खांद्यावरचा पंचा मला दिला.

रविवारी मी सौंसरला गेलो. सर एका बगीच्याच्या कडेला दोन खोल्यांत राहत होते. मला पाहून इतके आनंदले की मला आल्या पावली परत फिरावंसं वाटलं. एका खोलीत दोन कंदील, दोन स्टोव्ह. बदललं काहीच नव्हतं. मी बसलो आणि, रंगमंचावर पाठांतर विसरलेला माणूस जसा एका दमात सगळं ओकतो तसा, टपरी, चहा, एकवीस आकडे, सगळं सांगून टाकलं.

सर चष्मा पुसत होते. "हो," म्हणाले. "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"इथं आलो त्या महिन्यापासून. गोदामात जाऊन मी स्वतः वह्या उतरवल्या. मुनीम म्हणाला, तुमचे मास्तर दोनदाच आले होते." मग त्यांचे खांदे वर गेले, डोळे चमकले. "खरे आकडे घालून पुन्हा सगळं केलं. सोबतीचा आकडा इतका मोठा आला की सहा बगीचे घेतले काय अन् एक घेतला काय, सारखंच. म्हणजे गणित आपल्याला सांगतच होतं रे, घेऊ नका म्हणून. पद्धत बरोबर होती. मला दोन दिवस इतका आनंद झाला, काय सांगू."

मी विचारलं, "मग तुम्ही कोणाला बोलला का नाही? माझी तक्रार का नाही केली?"

"तुझी नोकरी कच्ची होती." त्यांनी चष्मा लावला. "अन् खरं सांगू का, लाज वाटली. गणिताच्या मास्तरनं आकडे न तपासता घेतले. सहा बगीचे वाटून घेतले, तीन छत्र्या ठेवल्या, अन् आकडे आणायला माणूस एकच पाठवला. वर त्याच्या हातात डावीकडचा रकाना भरून दिला. पहिलीतल्या पोराला पाटीवर उत्तर लिहून देऊन प्रश्न विचारल्यासारखं. चूक माझीच होती."

मी शिक्षा घ्यायला गेलो होतो. त्यांनी तीही माझ्याकडून काढून घेतली. मला पहिल्यांदाच त्यांचा राग आला.

"निदान वासुदेवभाऊंना तरी सांगायचं. तो माणूस आजही..."

"त्याला मी सांगितलं तर ती सबब झाली असती," ते म्हणाले. "बाकीचं तुझं तू पाहा." मग बाहेर बगीच्याकडे पाहत, "चहा पिते का तो अजून? डॉक्टरनं बंद करायला सांगितला होता त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेआधी मी बुद्धविहाराच्या मागच्या त्या खोलीत गेलो. वासुदेवभाऊ बाजेवर बसून पेपर वाचत होते. वहिनी आत स्टोव्ह पेटवत होत्या. भाऊंनी माझ्यासाठी खुर्ची पुसली. "बसा लहान सर. सकाळी सकाळी?"

मी सांगितलं. या वेळी सावकाश सांगितलं, कुठंही रंग न भरता. स्टोव्हचा आवाज मध्येच बंद झाला.

वासुदेवभाऊंनी पेपराची घडी घातली, मग आणखी एक घडी. "म्हणजे ढगाचं मी म्हणत होतो ते बरोबर होतं."

"हो."

"अन् मोठ्या सरचा हिसाबबी बरोबर होता."

"हो."

"आमी दोघंबी बरोबर होतो," ते हळूच म्हणाले. माझ्याकडे नाही, समोरच्या भिंतीकडे पाहून. "अन् सहा वर्सं बोललो नाही."

ते उठले. खुंटीवरचा सदरा काढला, अंगात घातला, एक बटण चुकलं, पुन्हा सगळी काढून लावली. आत डोकावून वहिनींना म्हणाले, "मी सौंसरले जाऊन येतो. शाळेत सांगून दे, आज रजा." मग पायात चपला घालताना मला, "पहिली बस आठची ना?"

"साडेसातची आहे. मीही येतो भाऊ."

"तू नोको येऊ."

एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. ते निघून गेले, आणि ज्या खुर्चीला त्यांनी फडकं मारलं होतं तिच्यात मी तसाच बसलो. उठून जावं की नाही ते कळत नव्हतं. वहिनी बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. हातात चहाचा कप होता. तो त्यांनी माझ्यासमोर ठेवला.

"घ्या सर. घरी आलेल्याले आमी तसंच नाही पाठवत."

मी कप उचलला. त्या उंबऱ्यावर बसल्या, सूप मांडीवर घेतलं आणि तांदूळ निवडायला लागल्या.

"तो स्टेशनजवळचा प्लॉट होता ना," त्या खाली पाहतच म्हणाल्या, "मी दोनदा जाऊन आल्ती तिथं. पावलानं मोजून आल्ती. समोर पडवी, तिथं याइची बाज. मंग एक खोली, पाहुना आला तं त्याच्यासाठी. खिडकी मी रस्त्याकडे नव्हती ठेवली, धूळ येते. उगवतीकडे ठेवली होती. खिडकीखाली चूल. वट्टा असा, कमरेएवढा, वाकायची गरज नाही." त्यांनी हातानं उंची दाखवली. मग दुसऱ्या बाजूला हात केला. "इकडे मोरी. तिथून पानी झाडाले जाईन, एक सीताफळ लावायचं होतं. अन् मागं अजून एक खोली..."

माझा चहा केव्हाच संपला होता. शाळेची पहिली घंटा ऐकू आली. पण मला उठता येईना, कारण मागची खोली अजून दाखवायची राहिली होती.